धार लावण्याचा वेळ कोणाचा?

उपदेशकाच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, बोथट हत्याराविषयी एक लहानसे वचन आहे. हत्याराची धार गेली आणि ती कोणी लावली नाही, तर माणसाला अधिक बळ खर्चावे लागते, असा त्याचा साधा आशय आहे. शब्बाथ शाळेत मी हे वचन कितीतरी वेळा शिकवले. फळ्यावर कुऱ्हाडीचे चित्र काढायचे आणि मुलांना विचारायचे, "आधी धार की आधी घाव?" मुले एका सुरात "आधी धार" म्हणत आणि धडा संपे. अभ्यास करा, प्रार्थना करा, तयारीवाचून कामाला हात घालू नका, हा त्याचा बोध. तो बोध खोटा नव्हता. परंतु त्या वचनाच्या पोटात असलेला एक प्रश्न मी मुलांना कधी विचारला नाही, कारण तो मलाच कधी सुचला नव्हता. धार लावायला वेळ लागतो. तो वेळ कोणाचा? ज्याच्या हाती हत्यार आहे त्याचा, की ज्याचे काम चालले आहे त्याचा?

हा प्रश्न मला सुचला गोव्यातील सुर्ला या गावी, एका फणसाच्या ओंडक्यापाशी. त्यासाठी मला एक चूक करावी लागली. ती आधी सांगतो.

सुर्ला नावाची गावे गोव्यात एकाहून अधिक आहेत. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे प्राचीन दगडी देऊळ पुष्कळांनी पाहिले असेल. चोर्ला घाटाकडे सत्तरी तालुक्यात आणखी एक सुर्ला आहे. मी म्हणतो ते डिचोली तालुक्यातले, साखळीच्या बाजूचे, लोहखनिजाच्या पट्ट्यातले. तिथे माझे एक जुने स्नेही राहतात. रविवार, १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि राज्यभर झाडे उन्मळून पडली. स्नेह्यांच्या आजोबांनी अंगणाच्या कडेला लावलेला फणसही त्या दिवशी मुळासकट आडवा झाला. घराला धक्का लागला नाही, याबद्दल सर्वांनी देवाचे आभार मानले. पण म्हातारे माणूस गेल्यावर घर जसे रिकामे वाटते, तसे ते अंगण वाटत होते.

फणसाचे लाकूड मोलाचे. त्याचा गाभा सोनेरी पिवळा असतो आणि वर्षे जातात तसा तपकिरी होत जातो. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. दारे, चौकटी, इतकेच नव्हे तर वीणा आणि मृदंगही या लाकडाचे करतात. स्नेह्यांनी ठरवले की, या झाडाचे सरपण करायचे नाही. देवडीचा नवा दरवाजा करायचा, आणि उरलेल्या फळ्या मी आमच्या बेळगावच्या शब्बाथ शाळेसाठी न्यायच्या. लहान वर्गातील मुले सतरंजीवर बसत. त्यांच्यासाठी सहा बुटकी बाके करावी, असे माझ्या मनात फार दिवसांपासून होते.

गोव्यात झाडांसाठी १९८४ सालचा संरक्षण कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशापासून लाकूड कापणाऱ्या गिरण्यांवर देशभरच नजर कडक झाली आहे. तेव्हा परवान्यांचे आणि वाहतुकीचे कागद पुरे होईतो पावसाळा सरला. ओंडके तडकू नयेत म्हणून त्यांच्या तोंडांना रंग फासून ठेवला होता. शेवटी डिसेंबरात मेस्त आले. गोव्यात सुतारकाम करणाऱ्याला मेस्त म्हणतात. हे मेस्त आपली आरागिरणीच चाकांवर घालून घेऊन आले होते.

ज्यांनी असे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पूर्वी ओंडका उंच चढवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून मोठी करवत ओढत. मग आरागिरण्या आल्या, पण ओंडका त्यांच्यापर्यंत वाहून न्यावा लागे. या फिरत्या गिरणीत उलटे आहे. गिरणीच ओंडक्याकडे येते. रुळांसारख्या दोन लांब पट्ट्यांवर ओंडका पक्का बसवतात. त्याच्यावरून एक चौकट सरकते. चौकटीत दोन चाके असतात आणि त्यांवरून एक पोलादी पाते फिरते. दोन्ही टोके जोडून त्याचे कडे केलेले असते. ओंडका जागचा हलत नाही. पाते त्याच्यातून आडवे जाते आणि प्रत्येक खेपेला वरची एक फळी सुटते. असली अरुंद पात्याची, गाडीमागे जोडून नेता येणारी यंत्रे १९८०च्या दशकात अमेरिकेत पसरली आणि तेथून जगभर गेली.

हे पाते सुमारे चार मीटर लांब, सव्वा इंच रुंद आणि जाडीला जेमतेम एक मिलिमीटर असते. जुन्या गोल करवतीने एका कापात पाच-सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. या पात्याने सुमारे दोनच. दहा काप घेतले तर तीन-चार सेंटिमीटर लाकूड, म्हणजे चांगली एक फळी, वाचते. पण जे पाते इतके पातळ असते ते तितकेच जपावे लागते. सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने ते धावते. दोन तास चालले तर चाळीस हजारांवर फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत ते दोन चाकांवर दोनदा वाकते व दोनदा सरळ होते. हे वाकणे सोसणारे पाते माणसाला लवकर साधले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या विल्यम न्यूबेरीने अशा यंत्राचे पेटंट घेतले. पण पाती तुटत, जोड सुटत, म्हणून यंत्र तसेच पडून राहिले. पुढे १८४६ साली फ्रान्समधील अ‍ॅन पॉलिन क्रेपिन या स्त्रीने पात्याची टोके जोडण्याची चांगली रीत शोधली. पॅरिसच्या पेरिन कंपनीने ती विकत घेऊन अधिक चिवट पोलादाची पाती बनवली, तेव्हा कुठे बँड-सॉ कामाला लागला. यंत्राची कल्पना आधीच तयार होती. पाते टिकावे कसे, या प्रश्नाने तिला चार दशके थांबवून धरले.

पात्याला सुमारे १८० दात होते. एक दात किंचित डावीकडे, दुसरा उजवीकडे आणि तिसरा सरळ, अशा क्रमाने ते वाकवलेले असतात. बाक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे दातांनी पाडलेली वाट पात्याच्या जाडीहून थोडी रुंद होते आणि पाते अडकत नाही. एका बाजूचा बाक जास्त झाला तर पाते त्या बाजूला ओढले जाते. दात बोथट झाले तर पाते सरळ जाण्याऐवजी सोपी वाट शोधते. गाठ लागली की वर चढते, गाठ सरली की खाली उतरते. मग फळीवर लाट उठते. समुद्राची लाट पाहायला बरी. फळीवरची लाट म्हणजे एका जागी जाड आणि एका जागी पातळ झालेले लाकूड.

आणि सुर्ल्याच्या त्या फणसावर पाती लवकर बोथट होत होती. धार लाकडापेक्षा सालीतली माती अधिक खाते, असे मेस्तांनी आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितले. गोव्यातल्या खाणी सप्टेंबर २०१२मध्ये थांबल्या, पुढे काही काळ चालल्या आणि मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. पण त्याआधी वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक त्या अंगणावरून गेले होते आणि फणसाच्या खडबडीत सालीत तांबडी धूळ घट्ट बसली होती. मेस्तांचा गडी कापाच्या रेषेवरची साल कोयत्याने तासून काढी, तरी काही कण राहतच. शिवाय सकाळी एक पाते खिळ्यावर गेले. कोणे एके काळी कंदील टांगायला ठोकलेला तो खिळा झाडाने कधीच पोटात घेतला होता. ठरल्याप्रमाणे त्या पात्याची किंमत स्नेह्यांनी मुकाट्याने दिली. ओंडक्यात लोखंड निघाले तर नुकसान ओंडक्याच्या मालकाचे, ही बोली कामाच्या आधीच झाली होती.

दुपारचे चार वाजले. मोठ्या ओंडक्याच्या पाच फळ्या काढायच्या राहिल्या होत्या. मी बेळगावाहून टेम्पो ठरवून आणला होता. चालकाला अंधार पडण्याआधी चोर्ला घाट चढायचा होता आणि तो दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवीत होता. मेस्तांनी यंत्र बंद केले.

"सर, ब्लेड गेलं. धार लावावी लागेल."

"दुसरे नाही का?"

"एक खिळ्यावर गेलं, बाकीची वापरून झाली. सगळ्यांना धार लावायची आहे. आज आता नाही होणार."

मी म्हणालो, "अहो, पाचच तर फळ्या राहिल्या आहेत. तेवढ्या काढून टाका. एवढ्याने काय होते?"

मेस्तांनी स्नेह्यांकडे पाहिले. झाड त्यांचे होते. पण मी पाहुणा. माझ्या शब्दापुढे त्यांना बोलवेना. मेस्त म्हणाले, "आवाज ऐकला नाही तुम्ही?" खरे सांगायचे तर आवाज मलाही ऐकू आला होता. सकाळी पाते एका लयीत गुणगुणत होते. आता ते कण्हत होते. भुसाही सकाळसारखा दाणेदार नव्हता, पिठासारखा बारीक पडत होता. मला दिसत होते, ऐकू येत होते, आणि तरी मी म्हणालो, "काढा हो, काढा."

त्यांनी फळ्या काढल्या. सकाळी यंत्र हाताने हलके सरकत होते. आता गड्याला अंग टेकून ढकलावे लागत होते. पाचांपैकी तीन फळ्यांवर लाट आली. दीड इंची फळी कुठे पावणेदोन इंच, तर कुठे जेमतेम सव्वा. रंधा मारून दोन्ही अंगे सपाट केल्यावर हाती एक इंचही राहिली नाही. बाकाला तेवढी जाडी पुरेना. ज्या झाडाला वाढायला दोन पिढ्या लागल्या, त्याच्या गाभ्याच्या तीन उत्तम फळ्या मी एका टेम्पोच्या घाईपायी घालवल्या. टेम्पोही रिकामाच परत गेला, कारण एवढे करूनसुद्धा अंधार झालाच.

त्या रात्री मी स्नेह्यांकडे राहिलो. जेवण झाल्यावर पडवीत मेस्त दिव्याखाली पात्यांना धार लावीत बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. बोलायला तोंड नव्हते, म्हणून नुसता पाहत राहिलो.

आधी त्यांनी पात्यावर चिकटलेला चीक आणि भुसा धुऊन काढला. मग पाते लहान यंत्राला लावले. त्यातले सहाणेचे चाक दाताच्या तोंडावरून खाली उतरे, दोन दातांमधल्या खोबणीच्या तळाशी फिरे आणि पुढच्या दाताच्या पाठीवरून वर येई. मी विचारले, टोक तेवढे घासले तर नाही का चालत? ते म्हणाले, एक दिवस चालते. पण पाते वाकून वाकून केसासारख्या बारीक भेगा पडतात त्या खोबणीच्या तळाशी. तिथला पातळ थर निघाला नाही तर दात धारदार असतानाच पाते तुटते. आणि एका दमात जास्त घासले तर टोक निळे पडते, म्हणजे पोलादाचे पाणी उतरते; असा दात दुसऱ्या दिवशी टिकत नाही. म्हणून थोडे थोडे, दोनदा-तीनदा फिरवायचे. मग बाक तपासायचा, एकेक दात. काम नसताना पात्याचा ताण सैल करून ठेवायचा, आणि धार लावलेले पाते निदान रात्रभर मोकळे टांगून ठेवायचे.

मी म्हणालो, "मेस्त, एवढे जपता, तर आज मला थांबवले का नाहीत?"

ते हसले. "घनफुटाचे पैसे मिळतात, सर. काल बारा वाजेपर्यंत हेच करीत होतो. त्याचं कोण देतं?"

या उत्तराने माझी झोप गेली. खिळा लागून पाते गेले, त्याचे पैसे आम्ही दिले, आणि न्यायाने वागलो म्हणून मनात समाधानही मानले. पण त्याच ओंडक्यावर, आमच्याच कामासाठी, दिवसभर झिजलेल्या पात्यांचे काय? ती झीज कोणाच्या खात्यावर? अपघाताची भरपाई आपल्याला समजते, कारण अपघात दिसतो, त्याला वेळ असते, साक्षीदार असतात. झिजेला यांतले काहीच नसते. ती कामाबरोबर गुपचूप होत राहते, आणि जिचा हिशेब कोणी मांडला नाही ती शेवटी दुबळ्याच्या पदरात पडते. मेस्तांच्या बाबतीत ती त्यांच्या झोपेतून वसूल होत होती.

आता कोणी म्हणेल की, चूक मेस्तांचीही होती. ज्याला आपले काम कळते त्याने मालकाच्या घाईला बळी पडू नये. हे खरे आहे, आणि मी ते नाकारीत नाही. हत्यार बोथट होणे हा दोष नव्हे. चालणारे प्रत्येक हत्यार बोथट होते. दोष सुरू होतो तो बोथट झाल्याचे कळल्यानंतर. त्या क्षणानंतरचा प्रत्येक काप जाणूनबुजून केलेला असतो, आणि त्याचे नुकसान ज्याला ते दिसत नाही अशा दुसऱ्या कोणाला तरी सोसावे लागते. कारागिराने तेथे थांबावे, हा त्याचा धर्म आहे. पण थांबण्याची किंमत दोघांना सारखी नव्हती. मी थांबलो असतो तर माझा एक टेम्पो फुकट गेला असता. ते थांबले असते तर त्यांना गिऱ्हाईक रुसण्याची भीती होती, आणि त्यांचे पोट गिऱ्हाइकांवर. ज्याला नाही म्हणणे महाग पडते, त्याने नाही म्हटले नाही म्हणून त्याला दोष देणे फार सोपे आहे. पण ज्याला थांबणे परवडत होते आणि तरी ज्याने ढकलले, त्याचा दोष मोठा. त्या दुपारी तो मी होतो.

शब्बाथाची आज्ञा आपण सर्वांनी पाठ केली आहे. पण ती कोणाला उद्देशून आहे याकडे माझे तोवर लक्ष गेले नव्हते. ती आज्ञा केवळ "तू विसावा घे" असे सांगून थांबत नाही. ती मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका यांची नावे घेते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तर कारणही दिले आहे: तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तूही एकदा मिसर देशात दास होतास. म्हणजे दासाच्या विसाव्याची जबाबदारी देवाने दासावर टाकलेली नाही. ती मालकावर टाकली आहे. दासाला उठून "मला थांबू द्या" असे म्हणावे लागू नये, हाच तिचा अर्थ. बैलाला तर बोलताही येत नाही. विसावा मागून मिळण्याची वस्तू नव्हे. काम घेणाऱ्याने ती आधीच हिशेबात धरायची आहे. हा न्याय पात्याच्या धारेलाही लागू पडतो असे मला वाटते. धार लावण्याचा वेळ कामाच्या बाहेरचा नाही, कामाच्या आतलाच आहे. ज्याने फळी मागितली त्याने तो वेळही मागितलेला असतो, आणि म्हणून तो त्याच्याकडून देणे लागतो.

या विचाराला एक मर्यादाही घातली पाहिजे. धार लावण्याच्या नावाखाली काम टाळणारे लोकही असतात. प्रत्येक वेळी पात्याचे थोडे पोलाद निघून जाते. नुसते घासतच बसले तर लाकूड न कापताच पाते संपेल. आत्मपरीक्षणाचेही असेच आहे. काही भक्त मंडळी मनाला इतकी सहाण लावतात की मनाचे पाणीच उतरते, आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडण्याची वेळ कधी येत नाही. पाते कापण्यासाठी असते. पण आपल्या मंडळ्यांकडे पाहता मला वाटते की, अति घासल्याने निळी पडलेली पाती आपल्यात थोडी. न थांबता चालवलेली फार.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकाचेच घ्या. आठवडाभर शाळा, कचेरी किंवा घरकाम. शनिवारी रात्री दहाला पुस्तक उघडायचे, तेही डोळे मिटत असताना. रविवारी मुले चुळबुळ करू लागली की शिक्षकाचा आवाज चढतो. बोथट पात्याला जोर लागतो, तसा तयारी नसलेल्या धड्याला दरारा लागतो. मी स्वतः कैक वेळा मुलांवर ओरडलो आहे, आणि आता मागे वळून पाहता जाणवते की, त्यांतल्या पुष्कळ वेळी मुले वाईट नव्हती. माझी धार गेली होती. लाट मात्र त्यांच्यावर उठली. एखादा मुलगा पुढे मंडळीत येईनासा होतो तेव्हा आपण त्याच्या घरच्यांना विचारतो, सोबतींना दोष देतो. त्या फळीवरून कोणते पाते गेले होते, हे कोणी विचारीत नाही.

यावर "शिक्षकांनो, तयारी करा" असा उपदेश आपण करतो. मीही केला आहे. पण त्या शिक्षकाला तयारीसाठी वेळ मिळावा म्हणून मंडळीने काय केले? एकाच बाईंकडे शब्बाथ शाळा, महिला मंडळ, नाताळचा कार्यक्रम आणि हिशेबाची वही द्यायची, आणि वर धडा चांगला झाला नाही म्हणून कुरकुर करायची. पाळकांचेही तेच. रविवारचा तास आपल्याला दिसतो. त्या तासामागचे आठ तास दिसत नाहीत. म्हणून मंगळवारी दुपारी ते वाचीत बसलेले दिसले तर आपण म्हणतो, "पाळकसाहेब मोकळेच आहेत, त्यांना सांगा." ते आजारी पडले तर आपण धावतो, फळे नेतो, वर्गणी काढतो, ते झिजले तर तक्रार करतो. खिळा लागला की आपण पैसे देतो. झिजेचे पैसे देत नाही.

आपला प्रभू स्वतः सुतार होता, असे मार्काच्या शुभवर्तमानात गावकरीच म्हणतात. तो नांगर आणि जू करीत असे, असे दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे. त्याने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्या तीस वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ काहीच सांगत नाहीत. पण त्या वर्षांत नासरेथातल्या त्या घरी कितीतरी संध्याकाळी हत्यारांना धार लावली गेली असेल, आणि तिची नोंद कोणी केली नसेल. नोंद झाली नाही म्हणून ते वाया गेलेले दिवस होते, असे म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर टांगलेले एक पाते मेस्तांनी चढवले. धाकटा ओंडका दोन तासांत कापून झाला. फळ्या आरशासारख्या सरळ निघाल्या. हिशेबाच्या वेळी स्नेह्यांनी घनफुटांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: धार लावणे, चार तास. मेस्त प्रथम घेईनात. "असं कोणी देत नाही," ते म्हणाले. स्नेही म्हणाले, "म्हणून तर देतो." अर्धी रक्कम मी दिली. ती दानधर्माची नव्हती, आणि तसे मेस्तांना वाटू नये याची आम्ही काळजी घेतली. ते त्यांचे येणे होते, उशिरा दिलेले.

बाके सहाऐवजी चारच झाली. लाटेच्या फळ्यांपैकी एक मी मुद्दाम रंधा न मारता ठेवली आहे. शब्बाथ शाळेच्या खोलीत खिडकीखाली ती फडताळासारखी बसवली आहे. लहान मुलांना तिच्यावरून बोट फिरवायला आवडते. ती अशी का आहे, असे कोणी विचारले की मी खरे ते सांगतो: हे सरांनी केले.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकासाठी कोणीतरी काम करीत असते. घरी, कचेरीत, मंडळीत. येत्या आठवड्यात त्यांतल्या एकाला एवढेच विचारून पाहा की, तुम्हाला धार लावायला वेळ मिळतो का? आणि उत्तर "नाही" असे आले, तर ते ऐकून त्याला उपदेश करू नका. त्याच्या हातातले एखादे काम आपल्या हाती घ्या.